विस्मृतीचा माग काढणारा डॉक्टर

साठी बुद्धी नाठी ही म्हण आपल्याकडे सहज वापरली जाते. उतारवयात माणूस विसरायचाच, त्यात आजार कसला, असा तिचा रोख असतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातील वैद्यकाचे मतही याहून फारसे निराळे नव्हते. म्हातारपणी रक्तवाहिन्या कठीण होतात, मेंदू सुकतो आणि बुद्धी मंदावते, एवढ्या खुलाशावर बहुतेकांचे समाधान होत असे. मात्र २५ नोव्हेंबर १९०१ रोजी जर्मनीतील फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात दाखल झालेली स्त्री साठीपासून बरीच दूर होती. तिचे वय होते अवघे ५१. दुसऱ्या दिवशी तिच्यासमोर बसून एकेक प्रश्न शांतपणे विचारणारे आणि तिचे प्रत्येक उत्तर टिपून घेणारे डॉक्टर ३७ वर्षांचे होते. त्यांचे नाव अलॉइस अल्झायमर. पुढे हे आडनाव जगातील घराघरांत पोहोचले, पण एका व्यक्तीचे नाव म्हणून नव्हे, तर एका व्याधीचे नाव म्हणून. त्या व्याधीआड हा माणूस मात्र जवळजवळ झाकला गेला.

अल्झायमर यांचा जन्म १४ जून १८६४ रोजी बव्हेरियातील मार्कटब्राइट या माइन नदीकाठच्या लहानशा गावात झाला. वडील एडुआर्ड हे नोटरी होते. मुलांना चांगले शिक्षण मिळावे म्हणून कुटुंब आशाफेनबुर्गला गेले आणि तेथेच अलॉइस यांचे शालेय शिक्षण झाले. निसर्गविज्ञानाची ओढ त्यांना शाळेपासूनच होती. १८८३ साली वैद्यकाच्या अभ्यासासाठी ते बर्लिनला गेले. पुढे वुर्झबुर्ग आणि ट्युबिंगेन येथेही त्यांनी शिक्षण घेतले. वुर्झबुर्गमध्ये ऊतिविज्ञानाचे विख्यात अध्यापक अल्बर्ट फॉन क्योलिकर यांच्या प्रयोगशाळेत त्यांना सूक्ष्मदर्शकाची गोडी लागली. १८८७ साली त्यांनी डॉक्टरेटसाठी जो प्रबंध सादर केला, त्याचा विषय होता कानातील मळ तयार करणाऱ्या ग्रंथी. मेंदूशी त्याचा काही संबंध नव्हता. परंतु ऊतीचा पातळ काप घ्यावा, तो रंगवावा, तासन्‌तास निरखावा आणि जे दिसते तेच काढून ठेवावे, ही शिस्त त्यांच्या हाताला येथेच लागली. पुढील सारे आयुष्य ती त्यांच्या कामी आली.

डिसेंबर १८८८ मध्ये ते फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात सहायक डॉक्टर म्हणून रुजू झाले. एमिल सिओली हे तेथील संचालक होते. त्या काळी वेडाच्या रुग्णांना बांधून किंवा कोंडून ठेवणे ही सर्रास रीत होती. सिओली यांना ती मान्य नव्हती. बळजबरी शक्य तितकी टाळायची, अस्वस्थ रुग्णांना कोमट पाण्याच्या दीर्घ स्नानाने शांत करायचे, त्यांच्याशी बोलत राहायचे, या मार्गाने ते चालले होते आणि अल्झायमर त्यांचे उजवे हात बनले. काही महिन्यांतच तेथे फ्रान्झ निस्ल नावाचे दुसरे तरुण डॉक्टर आले. चेतापेशी रंगवून स्पष्ट दाखवण्याची नवी पद्धत निस्ल यांनी शोधून काढली होती. दोघांची गट्टी जमली. दिवसा रुग्णांच्या खाटेशेजारी आणि रात्री सूक्ष्मदर्शकासमोर, असा त्यांचा क्रम ठरून गेला. जिवंतपणी रुग्णात दिसलेली लक्षणे आणि मृत्यूनंतर त्याच्या मेंदूत दिसणारे बदल यांची सांगड घालायची, हा त्यांचा ध्यास होता. मनाचे आजार म्हणजे निव्वळ मनाचे खेळ नव्हेत, त्यांतील काहींच्या मुळाशी मेंदूची शारीरिक हानी असते, अशी त्यांची धारणा होती.

१८९० च्या दशकाच्या मध्यात अल्झायमर यांचा विवाह सेसिली गाइझेनहाइमर या श्रीमंत विधवेशी झाला. त्यांना दोन मुली आणि एक मुलगा अशी तीन अपत्ये झाली. पण हे सुख फार काळ टिकले नाही. फेब्रुवारी १९०१ मध्ये सेसिली यांचे निधन झाले. मुले लहान होती. त्यांना सांभाळण्यासाठी अल्झायमर यांची अविवाहित बहीण घरी आली आणि त्यांनी स्वतःला कामात बुडवून घेतले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ती ५१ वर्षांची स्त्री रुग्णालयात आली. वैद्यकाच्या इतिहासात ती ऑगस्टे डी. या नावाने ओळखली जाते.

ऑगस्टेचा नवरा रेल्वेत कारकून होता. संसार सुखाचा होता. त्याच वर्षी तिच्या वागण्यात एकाएकी फरक पडू लागला. ती नवऱ्यावर विनाकारण संशय घेऊ लागली. मग स्वयंपाक बिघडू लागला, वस्तू नको तेथे लपवल्या जाऊ लागल्या, घरभर निरुद्देश येरझाऱ्या सुरू झाल्या. अल्झायमर यांनी तिला नाव विचारले, तिने ते बरोबर सांगितले. आडनाव विचारले, तेव्हाही तिने पहिलेच नाव पुन्हा सांगितले. नवऱ्याचे नाव विचारल्यावरही उत्तर तेच आले. जेवताना तिच्या ताटात डुकराचे मांस आणि फ्लॉवर होता, पण काय खाता आहात असे विचारता तिने पालक असल्याचे सांगितले. पेन्सिल, पेन, किल्ली अशा वस्तू दाखवल्या की ती त्यांची नावे बिनचूक सांगे. मात्र थोड्याच वेळाने आपल्याला काय काय दाखवले होते, हे तिला आठवत नसे. नाव लिहायला सांगितले तर पहिला शब्द लिहून ती थांबे, कारण पुढे काय लिहायचे ते तोवर पुसले गेलेले असे. आपण स्वतःलाच हरवून बसलो आहोत, अशा अर्थाचे उद्गार ती पुन्हा पुन्हा काढी.

या नोंदींचे मोल त्यांच्या तपशिलात आहे. दुसरा एखादा डॉक्टर बुद्धिभ्रंश असा एक शब्द लिहून पुढच्या रुग्णाकडे वळला असता. अल्झायमर यांनी मात्र काय टिकून आहे आणि काय निसटले आहे, हे वेगवेगळे करून लिहिले. वस्तू ओळखणे शिल्लक होते, नवी आठवण धरून ठेवणे मात्र नाहीसे झाले होते. हा भेद किती मोलाचा होता, हे कळायला पुढे जवळपास नव्वद वर्षे जावी लागली.

१९०३ साली अल्झायमर यांनी फ्रँकफर्ट सोडले. जर्मन मनोविकारशास्त्राचे अध्वर्यू एमिल क्रेपेलिन यांनी त्यांना प्रथम हायडेलबर्गला आणि त्याच वर्षी म्युनिचला आपल्यासोबत घेतले. म्युनिचमध्ये सुरुवातीला त्यांना पगार नव्हता, पत्नीने मागे ठेवलेल्या संपत्तीवर त्यांचे घर चाले. तेथील शरीररचनेच्या प्रयोगशाळेची सूत्रे त्यांच्याकडे आली आणि देशोदेशीचे तरुण डॉक्टर त्यांच्याकडे शिकायला येऊ लागले. अल्झायमर देहाने भरदार होते, त्यांच्या हाती नेहमी सिगार असे. एका विद्यार्थ्याच्या सूक्ष्मदर्शकाशेजारी सिगार ठेवून काप समजावून सांगताना ते इतके रंगून जात की सिगार तेथेच विसरून पुढच्या विद्यार्थ्याकडे वळताना नवी पेटवत. दिवसाअखेर प्रत्येक टेबलावर एक विझलेले थोटूक सापडे, अशी आठवण त्यांच्याविषयी सांगितली जाते.

ऑगस्टे मात्र फ्रँकफर्टमध्येच होती. म्युनिचला गेल्यावरही अल्झायमर तिची विचारपूस करत राहिले. शेवटच्या काळात ती पाय पोटाशी घेऊन अंथरुणाला खिळली होती, तिला कशाचेच भान नव्हते. ८ एप्रिल १९०६ रोजी तिचे निधन झाले. सिओली यांनी तिचा मेंदू आणि कागदपत्रे म्युनिचला पाठवली. अल्झायमर यांनी इटलीहून आलेल्या आपल्या सहकाऱ्यांच्या मदतीने तपासणी सुरू केली. मेंदूचा बाह्य थर आकसला होता, असंख्य पेशी नाहीशा झाल्या होत्या. बर्लिनच्या मॅक्स बिल्शोव्स्की यांनी काही वर्षांपूर्वीच चांदीच्या क्षारांनी काप रंगवण्याची पद्धत काढली होती. तीही या मेंदूसाठी वापरली गेली आणि दोन गोष्टी ठळकपणे नजरेसमोर आल्या. पहिली, पेशींच्या आत दोरे पिळवटून व्हावेत तसे तंतूंचे गुंते. बाह्य थरातील सुमारे पाव ते एक तृतीयांश पेशींत ते होते. काही ठिकाणी पेशी मरून गेली होती आणि तिच्या जागी केवळ गुंता उरला होता. दुसरी, पेशींच्या बाहेर सर्वत्र पसरलेले एका अनोळखी पदार्थाचे बारीक साठे. त्यांना आज आपण प्लाक म्हणतो.

३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्युबिंगेन येथे नैऋत्य जर्मनीतील मनोविकारतज्ज्ञांच्या बैठकीत अल्झायमर यांनी ही माहिती मांडली. व्याख्यान संपले. कोणी प्रश्न विचारला नाही, चर्चा झाली नाही. अध्यक्षांनी पुढचा विषय पुकारला. विसाव्या शतकातील वैद्यकाच्या एका महत्त्वाच्या शोधाचे असे स्वागत झाले. १९०७ साली त्यांचा छोटासा लेख प्रसिद्ध झाला. याच वर्षी प्रागमध्ये ऑस्कर फिशर या संशोधकानेही म्हातारपणीच्या बुद्धिभ्रंशाने मृत्यू पावलेल्या १६ रुग्णांचे मेंदू तपासून त्यांपैकी १२ मध्ये असेच प्लाक आढळल्याचे लिहिले. फिशर यांचे नाव पुढे विस्मृतीत गेले. नाझी राजवटीने ज्यू म्हणून त्यांना टेरेझिनच्या छावणीत डांबले आणि १९४२ साली तेथेच त्यांचा अंत झाला. या शोधाच्या श्रेयात त्यांचा वाटा मानायलाच हवा.

१९१० साली क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकाच्या आठव्या आवृत्तीत या व्याधीला अल्झायमरचा आजार असे नाव दिले. इतक्या थोड्या रुग्णांच्या आधारे त्यांनी एवढी घाई का केली, याविषयी इतिहासकारांत आजही मतभेद आहेत. खुद्द अल्झायमर यांना हा सर्वस्वी नवा आजार असल्याची खात्री नव्हती. १९११ च्या प्रदीर्घ लेखात त्यांनी ५६ व्या वर्षी रुग्णालयात दाखल झालेल्या दुसऱ्या एका रुग्णाचे वर्णन केले. त्याच्या मेंदूत प्लाक पुष्कळ होते, गुंते मात्र सापडले नाहीत. प्लाक हे आजाराचे कारण की परिणाम, तरुण वयातला हा बुद्धिभ्रंश आणि म्हातारपणीचा बुद्धिभ्रंश एकच की वेगळे, हे प्रश्न त्यांनी खुले ठेवले. स्वतःच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आजाराविषयी इतका संयम बाळगणारा संशोधक विरळाच.

जुलै १९१२ मध्ये ब्रेस्लाऊ (आजच्या पोलंडमधील व्रॉत्स्वाफ) येथील विद्यापीठात मनोविकारशास्त्राचे प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. मानाचे पद मिळाले, पण तेथे जाताना आगगाडीतच ते आजारी पडले. त्या आजारपणाचा परिणाम हृदयावर झाला आणि त्यातून ते पूर्णपणे कधीच सावरले नाहीत. तशाही स्थितीत अध्यापन आणि संशोधन चालू होते. पहिले महायुद्ध सुरू झाले, सहकारी रणभूमीवर गेले, कामाचा भार वाढला. १९ डिसेंबर १९१५ रोजी वयाच्या अवघ्या ५१ व्या वर्षी त्यांची प्राणज्योत मालवली. ऑगस्टे रुग्णालयात आली तेव्हा तीही ५१ वर्षांचीच होती. फ्रँकफर्टच्या दफनभूमीत सेसिली यांच्या शेजारी त्यांना चिरनिद्रा देण्यात आली.

त्यांच्या मृत्यूनंतर जवळपास अर्धशतक हा आजार पाठ्यपुस्तकातील एक दुर्मीळ व्याधी म्हणून पडून राहिला. म्हातारपणीचे विस्मरण निराळे, ते वयाचेच, ही जुनी समजूत कायम होती. १९६८ साली इंग्लंडमधील न्यूकॅसलच्या संशोधकांनी वृद्धांच्या मेंदूंची मोजदाद करून प्लाकची संख्या आणि बुद्धिभ्रंशाची तीव्रता यांचे नाते दाखवले. १९७६ साली अमेरिकेतील रॉबर्ट कॅट्झमन यांनी दोन्ही आजार एकच असल्याचे आग्रहाने मांडले. साठी बुद्धी नाठी ही समजूत वैद्यकापुरती तरी तेथे संपली. १९८४ साली जॉर्ज ग्लेनर आणि केन वाँग यांनी रुग्णांच्या मेंदूतील रक्तवाहिन्यांमधून बीटा अ‍ॅमिलॉइड हे प्रथिन वेगळे केले आणि पुढच्याच वर्षी प्लाकही त्याचेच बनलेले असल्याचे स्पष्ट झाले. १९८६ च्या सुमारास गुंत्यांमधील प्रथिनाचीही ओळख पटली. त्याचे नाव टाऊ. निरोगी पेशीत टाऊ हे पेशीच्या आतील वाहतुकीच्या सूक्ष्म नळ्यांना आधार देते. या आजारात ते नळ्यांपासून सुटते, त्याचा आकार बिघडतो आणि त्याचे तंतू एकमेकांत अडकत जातात.

अल्झायमर यांच्यापुढे मृत मेंदूचा स्थिर काप होता. त्यात आजाराचा शेवट दिसत होता, वाट दिसत नव्हती. ती वाट दाखवली गेली तीही फ्रँकफर्टमध्येच. १९९१ साली तेथील हायको आणि एव्हा ब्राक या दांपत्याने ८३ मेंदूंचा अभ्यास करून टाऊच्या गुंत्यांचे सहा टप्पे आखले. गुंते वाटेल तेथे उगवत नाहीत, असे त्यांना दिसले. प्रारंभ होतो तो कानशिलामागे खोलवर असलेल्या एन्टोऱ्हायनल या लहानशा भागात. हा भाग म्हणजे स्मृतीच्या कोठाराचा उंबरठा. तेथून गुंते हिप्पोकॅम्पस या कोठारात शिरतात आणि मग भाषा, ओळख, विचार सांभाळणाऱ्या बाह्य थरात पसरतात. रुग्ण प्रथम ताज्या गोष्टी विसरतो, नंतर शब्द हरवतो आणि शेवटी आपली माणसे, हा क्रम बहुतांशी या प्रवासाशी जुळतो. अ‍ॅमिलॉइडचा मार्ग मात्र वेगळा. ते बहुधा बाह्य थरात आधी साठते आणि मग आत उतरते. लक्षणांची तीव्रता टाऊच्या पसाऱ्याशी अधिक घट्ट बांधलेली असते.

मग हे प्रथिन एका भागातून दुसऱ्या भागात जाते तरी कसे? घरातील विरजणाचे उदाहरण येथे उपयोगी पडते. चमचाभर दही दुधात पडले की साऱ्या दुधाचे दही होते आणि त्यातले चमचाभर पुढच्या भांड्याला पुरते. विरजणात जिवाणू असतात, येथे जिवाणू नाहीत, केवळ प्रथिन आहे. पण रीत मिळतीजुळती आहे. आकार बिघडलेला एक रेणू शेजारच्या चांगल्या रेणूला आपल्यासारखा आकार घ्यायला लावतो. निव्वळ प्रथिन अशा रीतीने रोग पसरवू शकते, हा विचार अमेरिकेतील स्टॅन्ली प्रुसिनर यांनी १९८२ साली प्रायॉन या नावाने मांडला. तेव्हा त्यावर टीकेची झोड उठली. १९९७ साली त्याच कामासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर २००६ साली, म्हणजे अल्झायमर यांच्या व्याख्यानाला १०० वर्षे पूर्ण होत असताना, त्याच ट्युबिंगेनमधील मॅथियस युकर आणि सहकाऱ्यांनी रुग्णाच्या मेंदूचा अर्क खास पैदा केलेल्या उंदरांच्या मेंदूत टोचून अ‍ॅमिलॉइडचे साठे वेळेआधी तयार होतात, हे दाखवले. २००९ साली बाझल आणि केंब्रिजच्या संशोधकांनी टाऊबाबत असाच प्रयोग केला. टोचलेल्या जागेपासून जोडल्या गेलेल्या भागांत गुंते पसरत गेले. २०१२ साली अमेरिकेतील दोन गटांनी एन्टोऱ्हायनल भागातच मानवी टाऊ तयार करणारे उंदीर वापरले. ते प्रथिन पेशींच्या जोडण्यांमधून पुढच्या पेशींत पोहोचल्याचे आढळले. ज्या वाटांनी आठवणी प्रवास करतात, त्याच वाटांनी त्यांचा नाशही प्रवास करतो, असे चित्र त्यातून उभे राहिले.

याचा अर्थ हा आजार संसर्गजन्य आहे, असा मुळीच नाही. रुग्णाची सेवा केल्याने, त्याला स्पर्श केल्याने, त्याच्या ताटात जेवल्याने तो होत नाही. एक दुर्मीळ अपवाद तेवढा नोंदला गेला आहे. मृतांच्या पियुषिका ग्रंथींपासून मिळवलेले वाढीचे संप्रेरक ब्रिटनमध्ये १९८५ पर्यंत काही मुलांना दिले जात असे. त्यांपैकी मोजक्या व्यक्तींमध्ये पुढे अल्झायमरसदृश आजार दिसल्याचा अहवाल २०२४ साली प्रसिद्ध झाला. ती उपचारपद्धती केव्हाच बंद झाली आहे.

या साऱ्यात एक योग विलक्षण म्हणावा असा आहे. अल्झायमर यांच्या हाताखाली काम केलेल्या तरुणांत फ्रेडरिक लेवी, हान्स गेर्हार्ड क्रॉइट्झफेल्ट आणि अल्फोन्स याकोब हे तिघे होते. लेवी यांनी १९१२ साली कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूत जे गोळे पाहिले, ते आज त्यांच्या नावाने ओळखले जातात. क्रॉइट्झफेल्ट आणि याकोब यांची नावे प्रायॉनमुळे होणाऱ्या अतिशय घातक आजाराला मिळाली. गुरू आणि तीन शिष्य यांच्या नावांचे हे सारे आजार आकार बिघडलेल्या प्रथिनांचे आहेत, हे त्यांच्यापैकी कोणालाही त्या काळी कळण्याजोगे नव्हते. तरीही एकाच गुरूने लावलेल्या नजरेच्या शिस्तीला ते दिसले होते.

वाट कळली म्हणजे ती अडवता येईल, या आशेवर आज संशोधन चालू आहे. अ‍ॅमिलॉइड हटवणारे लेकानेमॅब हे औषध १८ महिन्यांच्या चाचणीत आजाराची घसरण सुमारे २७ टक्क्यांनी मंदावू शकले आणि जुलै २०२३ मध्ये अमेरिकेत त्याला पूर्ण मान्यता मिळाली. हा लाभ माफक आहे, मेंदूला सूज येणे आणि रक्तस्राव होणे हे धोकेही आहेत. एका पेशीतून दुसरीकडे जाणाऱ्या टाऊला वाटेत गाठू पाहणारी पहिली प्रतिपिंडे अपेक्षित यश देऊ शकली नाहीत. गमावलेली स्मृती परत आणणारा उपाय अद्याप नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात ५ कोटी ७० लाख लोक विविध प्रकारच्या स्मृतिभ्रंशाने ग्रस्त होते आणि त्यांत सर्वाधिक वाटा याच आजाराचा आहे. त्यांच्यापैकी कितीतरी जणांना आजही वय झाले असे म्हणून घरच्या कोपऱ्यात बसवले जाते.

डिसेंबर १९९५ मध्ये फ्रँकफर्टच्या रुग्णालयाच्या दप्तरखान्यात कोनराड माउरर आणि सहकाऱ्यांना एक निळी फाइल सापडली. ती ऑगस्टेची होती. नव्वद वर्षे ती हरवली असे सारे धरून चालले होते. पुढे म्युनिचमध्ये तिच्या मेंदूचे मूळ कापही मिळाले आणि त्यांत प्लाक आणि गुंते दोन्ही पुन्हा पाहता आले. अल्झायमर यांचे निरीक्षण अचूक होते. फाइलमध्ये त्यांच्या हातच्या नोंदी आहेत, ऑगस्टेचे छायाचित्र आहे आणि तिला नाव लिहायला सांगितले होते तो कागदही आहे. त्यावर नाव पुरे झालेले नाही. डॉक्टरांनी तो अपुरा कागद फेकून दिला नाही, तारीख घालून जपून ठेवला.